कोपरा नसलेलं कार्ड

नेसरी, ता. गडहिंग्लज
२४ जानेवारी १९९९

चि. पवित्रास,

आज्जीचा आशीर्वाद. माझा आशीर्वाद आता जुना झालाय, लागतो का न्हाई कोण जाणे, पर दुसरा कुठला शिल्लक न्हाई, हाच घे.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. मी उन्हाला गुडघे टाकून बसले आणि तुझ्या अप्पानं ते मला वाचून दाखवलं. दूध संस्थेचा सेक्रेटरी तो. वार्षिक सभेत मागच्या सभेचं इतिवृत्त वाचावं तसं वाचत होता. मी म्हटलं, "मल्लेश, ही पोरगी तुझीबी कोणतरी लागती की." तर चष्मा पुसायला लागला.

हे पत्रही तोच लिहितोय. घरात आम्ही दोघंच, आणि मला अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. तुझी आई होती तवर ती लिहायची. आता दोन वर्षं हा तुझ्याशी एक शब्द बोलत न्हाई, पर महिन्याला दोन पत्रं मात्र स्वतःच्या हातानं तुला लिहितो. असा अबोला उभ्या तालुक्यात कुणी धरला नसंल. मी बोलते तसंच लिहायचं, खोडायचं न्हाई, असं देवासमोर ठरलंय. खोडलं की मला खरखर ऐकू येती.

(आई सांगते तसे लिहीत आहे. — लिहिणारा)

बघ, आत्ता मी श्वास घ्यायला थांबले आणि पेन तसंच पुढं चाललं. कायतरी घुसडलंय त्यानं. काय ते तूच वाच.

आता सायकलचं. दोनशे किलोमीटर, एका दिवसात, पस्तीस माणसांच्या घोळक्यात, शिमग्याच्या आदल्या रविवारी. कुठं आग लागली गं? नवऱ्यानं हात उचलला, तू बॅग उचललीस, ते मला समजलं. निपाणीहून पहिल्या एस्टीनं इथं आलीस, ह्यानं दारात आडवं उभं राहून "माघारी जा" म्हटलं, आणि तू निपाणीला न जाता कोल्हापूरला गेलीस, तेही समजलं. पर आता कोल्हापुरातनं निघायचं, दिवसभर पाय मारायचे, आणि गोल फिरून पुन्हा कोल्हापुरातच यायचं? मग निघायचंच कशाला? घरात बसून पाय हलवले तर व्हत न्हाई?

रस्ता नेसरीवरनं जाणार, ह्या ओळीला तुझ्या अप्पाचा आवाज बसला. खोकला आला म्हणाला. मी पाणी दिलं.

एकच विचारते, आणि ह्याचं उत्तर सरळ दे. तू आमच्या दारावरनं जाणार, का आमच्या दारात येणार?

तुझी आज्जी,
रुद्रव्वा
(माझा अंगठा खाली हाय. तुझ्या अप्पाची सही मागितली, तर शाई संपली म्हणाला.)


शिवाजी पेठ, कोल्हापूर
३ फेब्रुवारी १९९९

प्रिय आज्जी,

हे पत्र तुझ्या नावानं आहे, पण आधी अप्पांच्या डोळ्यांखालून जाणार, म्हणून दोघांकडं बघत लिहितेय. तिरळं झालं तर सांभाळून घे.

कशासाठी, असं विचारलंस. मलाही नीट माहीत नव्हतं. पेठेतल्या तालमीजवळ कृष्णातदादाचं सायकलचं दुकान आहे. तो दरवर्षी ही मोहीम काढतो. कोल्हापूर, निपाणी, गडहिंग्लज, नेसरी, आजरा, गारगोटी आणि परत. पहाटे पाचला निघायचं, संध्याकाळी आठच्या आत यायचं. मी पंक्चर काढायला गेले होते, तर म्हणाला, "ताई, येताय काय? बायका दोघीच हायत, तिसरी पायजे." मी लॅबमध्ये दिवसभर उभी राहून लोकांच्या रक्ताच्या बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवते. मला वाटलं, जरा बसायला तरी मिळेल.

खरं सांगू? निपाणीच्या रस्त्यानं मी त्या दिवशी एस्टीच्या मागच्या बाकावर, तोंडावर पदर ओढून आले. तो रस्ता एकदा उघड्या तोंडानं पार करायचाय. कुणी हाकललंय म्हणून नाही, माझी मी निघालेय म्हणून.

पण फार दमते गं. रोज पहाटे शिरोलीपर्यंत जाऊन येते, मग कामावर उभी राहते, आणि घरी आले की जिना चढताना कठड्याला धरावं लागतं. घरमालकीण शालूबाई म्हणतात, "तू सायकल चालवतेस का सायकल तुला चालवती?"

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. नेसरीत आमचा थांबा नाही. पण मी थांबणार. साडेअकराच्या सुमाराला आपल्या घरासमोर सायकल उभी करीन आणि पाच मिनिटं थांबेन. अप्पा दारात असले, तर आत येईन. नसले, तर तुझ्या हातचं ताक रस्त्यावरच पिऊन पुढं जाईन. अप्पांनी काही बोलायचं नाही, मी काही मागणार नाही. नुसतं उंबऱ्यात उभं राहायचं, आणि ह्या वेळी आडवं नाही. एवढं झालं तर माझे पुढचे शंभर किलोमीटर हलके होतील.

हा भाग अप्पांनी वाचला तर वाचला, गाळला तर गाळला.

तुझी,
पवित्रा


नेसरी
१३ फेब्रुवारी १९९९

चि. पवित्रास,

उद्या शिवरात्र. तुझा अप्पा उपास धरणार, आणि उपासाच्या दिवशी त्याला राग लवकर येतो, म्हणून आजच लिहून घेते.

तुझं पत्र आलं त्या दिवशी काय झालं ऐक. वाचता वाचता "सायकल तुला चालवती" इथं तो थांबला आणि घडी घालायला लागला. मी म्हटलं, "संपलं?" म्हणाला, "संपलं." मी म्हटलं, "पान उलट." म्हणाला, "तिकडं कोरं हाय." मी कागद हातातनं घेतला आणि उन्हात धरला. मुंग्या दोन्हीकडनं चालल्यात! मी म्हटलं, "मल्लेश, मी आडाणी हाय, आंधळी न्हाई." मग वाचलं त्यानं. पुढचं सगळं वाचलं. "आडवं नाही" इथं आवाज पार विहिरीत गेला.

मग त्यानं पत्राची घडी कोनाड्यात ठेवली. म्हैस तेवढी बोलत होती.

संध्याकाळी म्हणतोय, त्या रविवारी संस्थेच्या कामाला गडहिंग्लजला जायचं हाय. मी म्हटलं, रविवारी कुठली संस्था उघडी असती रं? तर म्हणतोय, हिशेब तपासणी.

(काम आहे. — लिहिणारा)

पुन्हा घुसडलं. घुसडू दे.

पवी, मी त्याची बाजू घेत न्हाई, पर तुला एक सांगते. तू निपाणीहून आलीस त्याच्या आदल्या महिन्यातच त्यानं तुझ्या सासऱ्याला भर बैठकीत शब्द दिलता, माझी पोरगी माघारी यायची न्हाई म्हणून. चार माणसांत दिलेला शब्द पोटच्या पोरीपेक्षा मोठा वाटला त्याला. पुरुषाला शब्द लई मोठा वाटतो. बोलायचे तेवढे सोडून बाकीचे सगळे शब्द त्याला मोठे वाटतात. हे लिहिताना बघ कसा दाबून लिहितोय. कागद फाटंल, मल्लेश.

मी ताक करून ओट्यावर बसते. माझं काम तेवढंच. उंबऱ्यात कोण उभं राहील ते उंबऱ्याला ठाऊक.

आणि तू जिना कठड्याला धरून चढतीस, मी चूल भिंतीला धरून पेटवते. आपण दोघी सारख्याच झालो. तू पंचवीस, मी पंच्याहत्तर, एवढाच काय तो फरक.

आज्जी


शिवाजी पेठ, कोल्हापूर
२२ फेब्रुवारी १९९९

प्रिय आज्जी,

थोडक्यात लिहिते, हाताला खरचटलंय. काल सरावाला सगळे पन्हाळ्याच्या पायथ्यापर्यंत गेलो होतो. येताना उसाच्या बैलगाडीला चुकवताना पडले. मोडलं काही नाही. गुडघा सुजलाय. शालूबाई तेल चोळतात आणि चोळता चोळता मला शिव्या देतात. दोन्हीचा गुण येतोय.

परवा कृष्णातदादाला म्हटलं, माझं नाव काढ, मला जमायचं नाही. तो म्हणाला, "नाव काढायला वही उघडावी लागती ताई, आणि मला लई कंटाळा हाय." त्यामुळं नाव आहे तसंच आहे.

अप्पांना काम असेल तर असू दे. मी मनाची तयारी केलीय. तरी नेसरी जवळ आली की पायात काय होईल ते आत्ता सांगता येत नाही.

आजऱ्याला जेवणाचा थांबा आहे. तिथनं तुला कार्ड टाकते, म्हणजे मी वाटेत कुठं पडले नाही हे कळेल. बरोबर एक कार्ड पत्ता घालून घेतलंच आहे.

तुझी,
पवित्रा


पोस्टकार्ड
आजरा, २८ फेब्रुवारी, दुपारी दोन

प्रिय आज्जी,

पोचले. पाय माझे नाहीत असं वाटतंय. ताक छान होतं. तुझ्या मागं दार सताड उघडं होतं, पण उंबऱ्यात कोणी नव्हतं, म्हणून आत आले नाही. तू काही बोलली नाहीस ते बरं केलंस. इथं सगळीकडं काजूचा मोहोर आहे, वास घ्यायलाही ताकद नाही. अप्पांना सांग, काही नाही. सांगू नको.

पवित्रा

ता. क. काजूच्या कारखान्यासमोर टायर चिरला. आतून जाड कागद लावला तर चालतो म्हणे. कुणाकडं नव्हता, म्हणून ह्याच कार्डाचा कोपरा फाडून लावलाय. पत्ता वाचता येतोय ना, मग झालं.


नेसरी
३ मार्च १९९९, बुधवार

पवित्रा,

हे अक्षर तुझ्या अप्पाचं न्हाई, ते तुला दिसलंच असंल. हे अंगणवाडीच्या चिमणाबाईचं हाय. तुझा अप्पा घरात न्हाई. तो सकाळीच कोल्हापूरला गेलाय, तुझ्याकडं. हे पत्र तुला मिळंल तवर त्याला येऊन दोन दिवस झालेले असतील. तरी लिहिते, कारण बोलल्याशिवाय माझा जीव ठिकाणावर यायचा न्हाई.

पवी, मी चूक केली. ती कशी झाली ते सांगते, मग मला काय म्हणायचं ते म्हण.

सकाळी आकाराम पोस्टमन आला. एरवी ओट्यावर बसतो, तंबाखू मळतो, सगळ्या गावाचं सांगतो. आज रस्त्यावरनंच हात लांब केला, दोन बोटांत कार्ड, आणि माझ्या तोंडाकडं न बघता निघून गेला. मी कार्ड बघितलं. कोपरा न्हाई.

तुम्हा आताच्या पोरींना हे ठाऊक नसंल, फोनवर मोठ्या झालात. आमच्यात कुणी गेलं की कार्डाचा कोपरा फाडून टाकतात. तसलं कार्ड घरात घ्यायचं न्हाई. दारातच कुणाकडनं वाचून घ्यायचं आणि तिथंच फाडायचं. लिंगायतांत सुतक पाळत न्हाईत, पर काळजाला ते कोण सांगणार? तुझा आज्जा गेला तेव्हा आठ गावांना अशीच कार्डं मी स्वतः कोपरे फाडून दिलती. लिहिता येत न्हाई म्हणून फाडायचं काम माझ्याकडं.

रविवारी तू दमून गेलीस. तोंड काळवंडलं होतं, गुडघ्याला फडकं, ताक उभ्या उभ्याच प्यालीस. तीन दिवस माझ्या डोळ्यांपुढं तेच. आणि आज हे कार्ड. मला वाटलं तुझ्या त्या घोळक्यातल्याच कुणीतरी धाडलंय. मला वाचून घ्यायचा धीर झाला न्हाई गं. मी ते दारातच फाडलं. चार तुकडे केले आणि ओरडले.

तुझा अप्पा गोठ्यातनं पळत आला. त्यानं नुसते तुकडे बघितले, त्याला सांगायला लागलं न्हाई. उचलले न्हाईत. मागं वळला, कोनाड्यातली पिशवी घेतली, आणि चालायला लागला. मी म्हटलं, "मल्लेश, चप्पल." त्याला ऐकू आलं न्हाई. साडेअकराच्या एस्टीत बसला, असं लोक सांगतात.

तासाभरानं चिमणाबाई आली. मी ओट्यावर बसले होते, तुकडे पायाशी. तिनं ते जुळवले आणि वाचायला लागली. वाचता वाचता हसली. मी म्हटलं, "बाई, कुणाचं मरण वाचून हसतीस?" म्हणाली, "रुद्रव्वा, मेलाय तो टायर!"

हसू का रडू? दोन्ही केलं. मग उठवेना.

जन्मात सगळी पत्रं मी दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचली. एकच माझं मी वाचलं, आणि तेच असं वाचलं.

चिमणाबाईनं तुझ्या घरमालकिणीला चारदा फोन लावला. घंटा वाजती, कोण उचलत न्हाई. आणि तुझा अप्पा आत्ता गडहिंग्लजच्या पुढं गेला असंल, खिडकीत बसून. पोर गेली म्हणून चाललाय. तीन तास तेवढंच एक घेऊन बसायचं, आणि शेजारचा माणूस विचारणार, पावणं कुठनं आला. तेवढं माझ्या डोळ्यांपुढनं जात न्हाई.

काय झालं ते लगेच कळव. त्यानं तुला मारलं तरी कळव.

आज्जी


शिवाजी पेठ, कोल्हापूर
६ मार्च १९९९

प्रिय आज्जी,

तुझं पत्र काल मिळालं. तुझ्यावर कोण कशाला रागवेल? मीच गाढव. कोपऱ्याचं मला खरंच ठाऊक नव्हतं. कृष्णातदादाला सांगितलं तर त्यानं दोन्ही कान धरले. म्हणाला, "मी तिथं असतो तर माझं पाकीट फाडून दिलं असतं."

आता बुधवारचं सगळं सांगते.

त्या दिवशी शालूबाई लेकीकडं गेल्या होत्या, म्हणून फोन कुणी उचलला नाही. मी कामावरनं सुटले, टायर बदलायला दुकानावर गेले, तर दुकान बंद. सायकल हातानं ढकलत साडेसहाला दारात आले. पायऱ्यांवर एक माणूस बसला होता, अनवाणी, पिशवी मांडीवर. शेजारीपाजारी सगळे येत-जात होते, पण अप्पांनी कुणालाच काही विचारलं नव्हतं. नंतर म्हणाले, "विचारलं असतं तर सांगितलं असतं की कुणीतरी."

अप्पांना बघून माझ्या मनात एकच आलं. दोन वर्षांत आले नाहीत, आज असे आलेत, तर घरात तुझ्याशिवाय आहे कोण? सायकल सुटली, पायरीवर आपटली. मी म्हटलं, "आज्जी गेली?"

अप्पा पिशवी धरून उठले. म्हणाले, "तू गेल्तीस की."

"मी कुठं? मी कामावर गेल्ते."

"कामावर," म्हणाले. "मग अव्वानं कार्ड फाडलं ते कुणाचं?"

"म्हणजे आज्जी हाय?"

"हाय की. तूबी हाईस."

"मग मेलंय कोण?"

तेवढ्यात शालूबाई लेकीकडनं परत आल्या. मागं उभं राहून त्यांनी हे सगळं ऐकलं होतं. म्हणाल्या, "अहो, कोण मेलंय ते सावकाश ठरवा. चहा किती कप टाकू तेवढं सांगा."

अप्पा खालच्या पायरीवर बसले. मी वरच्या पायरीवर. मला रडायचं होतं, पण बुधवारपर्यंत रविवारचाच शीण उतरला नव्हता, रडायलाही अंगात काही लागतं. अप्पांची पावलं सुजली होती, तापलेल्या डांबरावर स्टँडपासून चालत आले होते. मी पाणी आणून त्यांच्या पायावर ओतलं. त्यांनी ओतू दिलं.

मग विचारलं, कार्ड कसलं? मी सांगितलं. त्यांनी तिथंच सायकल उलटी केली, टायर काढला, आतनं तो कोपरा काढला. भिजून मऊ झाला होता. उलटासुलटा करून बघितला आणि गटारीत टाकला. "असलं घरात न्यायचं न्हाई," म्हणाले. मग पिशवीची एक पट्टी कापून टायरच्या आत बसवली. तुझी भाजीची पिशवी आता एका बंदाची झालीय.

रविवारचं सांगायचं राहिलं. मी पावणेनऊला पोचले. पाऊण तास उशीर, म्हणून प्रमाणपत्र नाही. शेवटच्या टप्प्यात टेम्पो माझ्या मागनं हळूहळू येत होता आणि त्यातले लोक म्हणत होते, ताई चढा आता. चढले नाही. ह्यात शौर्य काही नाही, उतरून टेम्पोत चढायला पाय उचलायला लागला असता.

अप्पा शालूबाईंच्या बाहेरच्या सोप्यात झोपले आणि पहाटे सहाच्या एस्टीनं निघाले. शालूबाईंनी त्यांना आपल्या मालकांच्या जुन्या चपला दिल्या. मी स्टँडवर सोडायला गेले. पेठेपासून स्टँडपर्यंत त्यांनी निपाणीचा विषय काढला नाही, मीही काढला नाही. ऊस कसा आहे ते सांगितलं. म्हैस कशी आहे ते सांगितलं. दोन वर्षांत त्यांनी मला एकदाही नावानं हाक मारलेली नाही, तशी परवाही मारली नाही. एस्टी हलली तेव्हा खिडकीतनं वाकून म्हणाले, "पुढच्या चाकात हवा कमी हाय."

आज्जी, तू एवढी वर्षं माणसं बघितलीस. ह्याला बोलणं म्हणायचं का? का ते एका मेलेल्या पोरीला बघायला आले होते, आणि ती जिवंत निघाली म्हणून परत गेले? मला खरंच कळत नाही. पुन्हा वाट बघायची ताकद माझ्यात नाही. हे बोलणं नसेल तर नाही म्हणून कळव, मी राग धरणार नाही.

तुझी,
पवित्रा


नेसरी
११ मार्च १९९९

चि. पवित्रास,

तुझं पत्र वाचून झालं. पाठपोट, न गाळता. शेवटचा भाग मी दोनदा वाचायला लावला. दुसऱ्यांदा त्यानं डोळे कागदावर ठेवलेच न्हाईत, पाठ म्हटल्यासारखा बोलला.

मला विचारतीस ह्याला बोलणं म्हणायचं का. मी कशी सांगू? मी म्हणजे काय तुमची टेलिफोनची तार? दोन वर्षं तुमच्या दोघांच्या मधी बसून मी एकटीच बोलतेय. त्याच्या वाटणीचं मी बोलले, तुझ्या वाटणीचं मी ऐकलं. आधीच माझ्या तोंडात दात सहा. ते आता दुखतायत, पवी. गुडघ्याचं काय न्हाई, तो वयानं दुखतो. तोंड मात्र तुमच्यामुळं दुखतंय.

त्या दिवशी ओट्यावर बसून मला एक कळलं. मी आता फार दिवस मधी बसायची न्हाई. मग तुम्ही दोघं काय करणार? हा कुणाच्या नावानं लिहिणार, आणि तू कुणाच्या नावानं वाचायला देणार?

म्हणून आज मी ह्याला सांगितलं, माझं संपलं. कानडीत म्हणतात तसं साकू, पुरे झालं. कागद अर्धा कोरा हाय, पेनात शाई हाय, मी खोलीत जाऊन पडते. तुला जे लिहायचं ते लिही, न्हाईतर कोरा धाड. कोरा धाडलास तर तीही पोरगी तुझीच हाय, कोऱ्यातलंबी वाचंल.

आता हा अंगठा, आणि मी उठले.

रुद्रव्वा

चि. पवित्रा,

आई आत गेली आहे. झोपलेली नाही, कुशी बदलताना खाट वाजते आहे.

मला पत्रे लिहिण्याची सवय आहे, पण संस्थेची. 'आपले दि. अमुकचे पत्र मिळाले' एवढे लिहून अर्धा तास बसलो होतो. ते खोडले.

त्या रविवारी मी गडहिंग्लजला गेलो नव्हतो. हिशेब तपासणी नव्हती. घराच्या उंबऱ्यात उभे राहणे मला जमले नाही. तिथे उभा राहिलो की त्या दिवशीचा मी मला दिसतो. म्हणून आजऱ्याच्या रस्त्याला चढ संपतो तिथे कळशी आणि तांब्या घेऊन दहा वाजल्यापासून उभा होतो. तुझ्याबरोबरच्या सगळ्यांना पाणी दिले. तू शेवटून चौथी आलीस. तुझी मान खाली होती, घाम डोळ्यांत जात होता. मी तुझे नाव घेऊन हाक मारायला तोंड उघडले. दोन वर्षे ते नाव मी फक्त पाकिटावर लिहिले होते. तोंडातून निघाले, "ओ पावणं, पाणी?"

तू वर न बघता "नको" म्हणालीस आणि पुढे गेलीस.

स्वतःच्या मुलीला मी पावणं म्हणालो. तू तरी कशी थांबणार? निपाणीहून आलीस त्या दिवशी उन्हात उभी होतीस, तेव्हा मी पाणी विचारले नव्हते. ते मी विसरलेलो नाही. सासऱ्याला शब्द मी दिला होता, तू दिला नव्हतास. हे मला तेव्हाच कळायला हवे होते. कळले होते. चार माणसांपुढे कबूल करायचे धाडस झाले नाही.

बुधवारी एस्टीत निपाणी आली, तेव्हा मनात आले की ही पोरगी ह्या रस्त्याने एकटी आली, आणि तिला मी आलेल्या रस्त्याने परत जायला सांगितले. पायऱ्यांवर बसून हे बोलणार होतो. ऊस आणि म्हैस बोललो.

पाडवा गुरुवारी आहे. मी बुधवारी दुपारच्या एस्टीने तुला न्यायला येत आहे. सायकल टपावर टाकू. तू खाली येऊन थांबू नको, वर खोलीतच थांब.

मी रस्त्यावरून हाक मारीन. नाव घेऊन.

अप्पा